कळफलक : 'बनगरवाडी'चा वाडा कसा झाला

वाचनालयाच्या काकांनी कागद टेबलावर ठेवला आणि चष्म्यावरून माझ्या भाचीकडे पाहिलं. कागदावर लाल पेन्सिलीच्या सतरा खुणा होत्या.

"ही यादी तू केलीस ना? मग वाच बघू."

भाचीनं वाचलं. 'बनगरवाडा'. 'ययाता'. 'कासला'. 'श्यामचा आइ'. पुढचं तिला वाचवेना.

"काका, मी असं लिहिलंच नाहीये."

"मग काय कॉम्प्युटरनं लिहिलं?"

काका वाईट माणूस नाहीत. आपल्या मंडळाच्या वाचनालयाची कपाटं त्यांनी वर्षानुवर्षं वाळवीपासून वाचवलीत. पण मग ते एक वाक्य बोलून गेले, जे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बडोद्यात, इंदुरात किंवा बेळगावात कधी ना कधी ऐकलेलं असतं: "इंग्रजी शाळेतली मुलं तुम्ही, तुम्हाला वेलांटी कुठून कळणार!"

भाची सोळा वर्षांची आहे. घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी. देवनागरी ती शिकली शाळेतल्या हिंदीतून आणि आजीच्या मागे लागून. मे महिन्याच्या सुट्टीत आपण होऊन तिनं हे काम अंगावर घेतलं होतं. स्कूटरवर मागे बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "मावशी, जवा दो ने. मी उद्यापासून रोमनमध्ये लिहिते. 'बनगरवाडी' इंग्रजी अक्षरांत लिहिली तर त्यात कुणाला वेलांटी दिसणार नाही आणि कुणी ओरडणार पण नाही."

ते ऐकून मला ही भानगड सोडवणं भाग पडलं. शिवाय ते टिपणांचं अ‍ॅप मंडळाच्या कॉम्प्युटरवर मीच बसवलं होतं.

आधी, आम्ही काय करत होतो

वाचनालयातली पुस्तकं अजून जाड रजिस्टरात आहेत. ती कॉम्प्युटरवर आणायची, एका पुस्तकाला एक टिपण, अशी आमची साधी योजना. बडोद्यात कार्डांची कल्पना नवी नाही. १९१० साली महाराजा सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून संस्थानातल्या वाचनालयांची घडी बसवली. आमची टिपणं म्हणजे त्या ग्रंथालयी कार्डांचीच नातवंडं. टिपणाचं शीर्षक म्हणजे पुस्तकाचं नाव; आत लेखक, साल, कपाट आणि कप्पा. डाव्या बाजूला सगळ्या शीर्षकांची यादी दिसते. तेव्हा सव्वाचारशे कार्डं झाली होती.

काका कॉम्प्युटरसमोर बसत नाहीत. म्हणून भाचीनं त्या डाव्या यादीचे स्क्रीनशॉट छापून त्यांना तपासायला दिले होते. भांडणाचं मूळ तिथेच होतं, पण ते तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही.

मजकूर वेगळा, चित्र वेगळं

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्या जुन्या डेस्कटॉपसमोर बसलो. यादीत 'बनगरवाडा' होतं. त्यावर टिचकी मारून टिपण उघडलं, तर आत मोठ्या अक्षरांत स्वच्छ 'बनगरवाडी'. तेच शीर्षक कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवलं, तिथेही 'बनगरवाडी'. शोधाच्या चौकटीत 'वाडी' टाकलं, पुस्तक लगेच सापडलं.

म्हणजे भाचीनं बरोबरच लिहिलं होतं. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं काना आणि दीर्घ वेलांटी ही दोन अगदी वेगळी चिन्हं आहेत. युनिकोडमध्ये प्रत्येकीला आपापला क्रमांक आहे आणि फाइलमध्ये तो क्रमांक साठवलेला असतो. तिथे वेलांटी सुखरूप होती. बिघडलं होतं ते फक्त पडद्यावरचं चित्र, आणि तेही फक्त डाव्या यादीत.

अ‍ॅप चुकीचं काही दाखवू लागलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: माझा मजकूर बिघडलाय, की त्याचं दिसणं? मजकूर बिघडला असेल तर हात लावायच्या आधी थांबायला हवं. दिसणं बिघडलं असेल तर निवांतपणे शोध घेता येतो. तरीही आम्ही सगळं फोल्डर आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. सव्वाचारशे कार्डं पुन्हा लिहायची ताकद कुणाच्यातच नव्हती.

मग यादीकडे डोळे बारीक करून पाहिलं. अक्षरं चुकलेली नव्हती, कापलेली होती. प्रत्येक ओळीच्या वरून आणि खालून जणू कुणी पट्टी ठेवून ब्लेड फिरवलं होतं. 'ी'ची वरची कमान गेली की उरतो काना. 'ो'ची मात्रा गेली की तिथेही काना. अनुस्वार, रफार सगळे वरचे रहिवासी बेपत्ता, आणि खालून उकार गायब. इंग्रजी नावं मात्र जशीच्या तशी. कपाटातल्या गुजराती पुस्तकांच्या नावांचीही तीच गत, त्यांच्याही वरच्या मात्रा उडालेल्या. म्हणजे आमच्या मराठी कळफलकाचा यात दोष नव्हता.

एका रात्रीत केलेले चार उपाय, चारही वाया

त्या रात्री मी तेच केलं जे तुम्ही केलं असतं. नेटवर जे जे सुचवलेलं होतं ते सगळं एका दमात. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. अ‍ॅपची नवी आवृत्ती घेतली. अ‍ॅप काढून पुन्हा बसवलं. 'हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन' नावाचा खटका बंद केला. शेवटी यादी उघडली, तर वाडा आपल्या जागी होता.

माझं पोटापाण्याचं काम कॉम्प्युटरचंच आहे, तरी मी अशी वागले. घाईत माणूस शिकलेलं विसरतो. चारही उपाय का फसले, ते नंतर नीट विचार केल्यावर उमगलं.

अ‍ॅप काढून पुन्हा बसवल्यानं फक्त अ‍ॅपचा सांगाडा नवा होतो. तुमच्या आवडीनिवडी आणि जोडलेले प्लगिन बहुतेक वेळा वेगळ्या फोल्डरात असतात. विंडोजवर बऱ्याच अ‍ॅपचं हे सामान 'अ‍ॅपडेटा' नावाच्या लपलेल्या फोल्डरात राहतं. आमच्या अ‍ॅपचं तर टिपणांच्या फोल्डरातच एका कोपऱ्यात होतं. घर पाडून तेच घर पुन्हा बांधलं आणि जुनं सामान परत आत आणलं, तर सामानातला ढेकूणही परत येणारच.

हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन म्हणजे पडदा रंगवण्याचं काम ग्राफिक्सच्या चिपकडे सोपवणं. त्यात गडबड असली तर पडदा लुकलुकतो, काळे चौकोन येतात, खिडकी हलवली की चित्र फाटतं. असा दोष चंचल असतो. आमचा दोष दर वेळी त्याच जागी, त्याच रेषेत, फूटपट्टीनं आखल्यासारखा. इतकी शिस्त पाहिली की समजावं, हे कुणीतरी दिलेल्या आज्ञेचं पालन चाललंय.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे चार गोष्टी एकदम बदलणं. समजा वाडा जाऊन वाडी आली असती, तर चारांतल्या कशानं, ते मला कधीच कळलं नसतं.

वही आली, शिस्त आली

तिसऱ्या दिवशी भाचीनं एक कोरी वही काढली आणि तीन रकाने आखले: काय बदललं, काय होईल असं वाटलं, प्रत्यक्षात काय झालं. नियम एकच. एका वेळी एकच बदल. उपयोग झाला नाही तर तो परत जागच्या जागी.

मग तपासायला एक शब्द हवा होता. सव्वाचारशे नावांवर दर वेळी नजर फिरवणं शक्य नव्हतं. आम्ही 'मूर्ती' नावाचं एक रिकामं टिपण केलं. बघा, या एका शब्दात खाली दीर्घ उकार आहे, वर रफार आहे आणि वेलांटीही आहे. यादीत ते 'मता' असं दिसलं. छान! आता प्रत्येक बदलानंतर एवढंच पाहायचं: मूर्ती की मता?

पहिली नोंद: त्याच अ‍ॅपमध्ये नवं, रिकामं फोल्डर उघडलं आणि तिथे 'मूर्ती' लिहिलं. यादीत 'मूर्ती' दिसली! न कापलेली, संपूर्ण.

या एका प्रयोगानं निम्मे संशयित सुटले. अ‍ॅप तेच, विंडोज तेच, फॉन्ट तोच, पडदा तोच. तरी चित्र बरोबर. म्हणजे दोष आमच्या जुन्या फोल्डरबरोबर राहणाऱ्या सामानात होता. त्यात मोजून बारा वस्तू निघाल्या: नऊ प्लगिन, एक थीम, आणि दिसणं बदलणाऱ्या दोन छोट्या फाइली.

निम्मे-निम्मे करायची युक्ती, आणि ती अडली तेव्हा

बारा संशयितांना एकेक करून तपासलं तर बारा खेपा. निम्मे-निम्मे केले तर चारच पुरतात. सहा बंद करायचे. दोष गेला, तर चोर बंद केलेल्या सहांत. नाही गेला, तर उरलेल्या सहांत. मग तिघं, मग एक-दोन. हजार संशयित असले तरी दहा खेपांत चोर सापडतो. प्रोग्राम लिहिणारे हीच युक्ती रोज वापरतात.

आम्ही पहिले सहा बंद केले. 'मता'. म्हणजे चोर दुसऱ्या सहांत, असं वहीत लिहिलं. खात्री करायला पहिले सहा चालू केले आणि दुसरे सहा बंद केले. आता 'मूर्ती' दिसायलाच हवी होती.

'मता'.

मी पुन्हा केलं. 'मता'. चोर पहिल्या सहांत नाही, दुसऱ्या सहांतही नाही, पण रिकाम्या फोल्डरातही नाही. मी वहीतली पानं उलटीसुलटी वाचली. उन्हं तापली होती, पंखा गरम वारा फेकत होता, आणि मला वाटलं, हे यंत्र आपली थट्टा करतंय.

भाची शेवउसळीचा डबा उघडत म्हणाली, "मावशी, दोघं असतील तर?"

"म्हणजे?"

"वर्गात गोंधळ झाला की सर एकालाच बाहेर काढतात आणि गोंधळ चालूच राहतो. कारण करणारे दोघं असतात. एक या बाकावरचा, एक त्या."

अगदी बरोबर. निम्मे-निम्मे करायची युक्ती एक गोष्ट गृहीत धरते, की चोर एकच आहे. दोन चोर असले, एक या टोळीत आणि एक त्या, तर कुठलीही टोळी बंद केली तरी दुसरी काम चालू ठेवते. आमच्या वहीतला परस्परविरोध हाच खरा पुरावा होता. मी त्याला चूक समजत बसले होते.

मग आम्ही बाराही बंद केले. 'मूर्ती'. आता एकेक चालू करायचा, पाहायचं, परत बंद करायचा. थीम चालू केली तेव्हा 'मता'. ती बंद करून पुढे गेलो. अकरावी वस्तू चालू केली, पुन्हा 'मता'.

अकरावी वस्तू म्हणजे 'दाट यादी' नावाची छोटी फाइल. भाचीनं ती उघडली. तीन ओळींची फाइल, आणि वर सूचना: यादीत जास्त नावं मावावीत म्हणून.

"मावशी, हे कुणी लिहिलं?"

मी लिहिलं होतं. मार्च महिन्यात. मंडळाचा पडदा लहान, म्हणून ओळी जवळजवळ आणल्या होत्या. तपासून पाहिलं तेव्हा यादीत दोनच टिपणं होती, दोन्ही इंग्रजी नावांची. आणि नंतर मी ते साफ विसरून गेले. आठवडाभर मी अ‍ॅपवाल्यांना, विंडोजला, कॉम्प्युटर देणगी देणाऱ्याला मनातल्या मनात बोल लावत होते. काखेत कळसा म्हणतात तो असा.

वेलांटी नेमकी कशानं कापली जाते

आजची बरीचशी डेस्कटॉप अ‍ॅप आतून वेबपानंच असतात. इलेक्ट्रॉन नावाच्या साच्यात ब्राउझरचं इंजिन आणि पानं एका खोक्यात बांधलेली असतात. हा साचा गिटहबनं २०१३ साली आपल्या अ‍ॅटम या संपादकासाठी तयार केला, आणि पुढे तो सगळीकडे पसरला. त्यामुळे वेबपानाचं दिसणं ज्या सीएसएसच्या नियमांनी ठरतं, त्याच नियमांनी या अ‍ॅपचंही ठरतं. थीम म्हणजे अशाच नियमांची मोठी फाइल.

आमच्या कथेत दोन नियम एकत्र आले. पहिला, ओळीची उंची. माझ्या फाइलीत ती अक्षराच्या मापाएवढीच, म्हणजे १ पट. थीममध्ये १.०५ पट. दुसरा नियम, ओळीबाहेर जाईल ते लपवायचं. तो यादीसाठी गरजेचा असतो, कारण लांब शीर्षक शेजारच्या भागात घुसू नये आणि शेवटी तीन टिंबं यावीत. आता इंग्रजी अक्षरं एवढ्या जागेत बसतात. आपली लिपी मात्र दुमजली-तिमजली. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षरांची पोटमाळ्यासारखी रचना. ओळ आखूड केली की वरचा आणि खालचा मजला ओळीबाहेर जातो, आणि 'बाहेरचं लपवा' हा नियम त्याला कापून टाकतो. टिपणाच्या आतल्या मजकुराला लपवायचा नियम नव्हता आणि तिथल्या ओळीही ऐसपैस होत्या, म्हणून तिथे वाडी शाबूत राहिली.

हे आम्ही नुसतं ठरवलं नाही, डोळ्यांनी पाहिलं. अशा बऱ्याच अ‍ॅपमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि आय या कळा एकदम दाबल्या की तपासणीची खिडकी उघडते. यादीतल्या ओळीवर बोट ठेवलं की तिला लागू असलेले नियम दिसतात आणि प्रत्येकापुढची खूण काढता येते. भाचीनं ओळीच्या उंचीची खूण काढली. 'मता'च्या डोक्यावर वेलांटी आणि रफार, आणि पायाशी उकार, एका क्षणात उगवले. तिनं खूण परत लावली. गेले. परत काढली. आले. पाच-सहा वेळा तिनं तेच केलं, आणि मी करू दिलं.

शेवटी माझी फाइल काढून टाकली आणि यादीपुरती ओळीची उंची १.६ पट करणारी एक ओळ लिहिली. आधी पडद्यावर अडतीस नावं मावायची, आता चोवीस मावतात. थोडं जास्त सरकवावं लागतं. त्याला इलाज नाही. आपल्या लिपीला राहायला जागा लागते.

तक्रार कशी लिहावी

आमच्यापुरतं काम झालं होतं. पण थीममधला दोष थीममध्येच होता, आणि ती थीम कुठल्या कुठल्या घरांत वापरली जात असेल. मी थीम करणाऱ्या त्या अनोळखी माणसाला लिहायला बसले. पहिला मसुदा असा: तुमच्या थीममध्ये मराठी नीट दिसत नाही, दुरुस्त करा. भाचीनं वाचून विचारलं, "त्याला वेलांटी म्हणजे काय ते माहीत असेल का?"

तिचा मुद्दा बिनतोड होता. त्या माणसाला आपली कापलेली अक्षरं आणि पूर्ण अक्षरं दोन्ही सारखीच परकी. त्याला दोष दिसणारच नाही. म्हणून दुसरा मसुदा तिनं लिहिला. अ‍ॅपची, थीमची आणि विंडोजची आवृत्ती. दोष पाहण्याच्या तीन पायऱ्या: रिकामं फोल्डर उघडा, ही थीम लावा, 'मूर्ती' हा शब्द चिकटवून टिपण करा. काय दिसायला हवं त्याचं चित्र, काय दिसतं त्याचं चित्र, कापलेल्या जागी लाल वर्तुळ. मग एक वाक्य: या कापण्यानं एका पुस्तकाच्या नावातली छोटी वस्ती मोठा वाडा होते. पुढे लिहिलं, की हिंदी, नेपाळी, गुजराती लिहिणाऱ्यांनाही हाच त्रास होईल, आणि अक्षरांवर चिन्हांचे थर चढवणाऱ्या थाई, व्हिएतनामीलाही होऊ शकतो. वेबवरचा मजकूर सर्वांना वाचता यावा म्हणून २०१८ साली आलेल्या डब्ल्यूसीएजी २.१ या मार्गदर्शक नियमांत, ओळीची उंची अक्षराच्या दीडपट केली तरी मजकूर हरवता कामा नये असं म्हटलंय, तेही जोडलं. शेवटी नेमकी कुठली ओळ बदलावी ते सुचवलं आणि थीमबद्दल आभार मानले, कारण थीम फुकट होती आणि सुंदर होती.

नवव्या दिवशी उत्तर आलं. दोष मान्य होता, दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत आली, आणि आमचा 'मूर्ती' शब्द आपण यापुढे तपासणीसाठी वापरू असं त्यानं कळवलं. हा दोष त्याला तोपर्यंत कुणी सांगितलाच नव्हता. त्रास झालेले थोडे तरी असतीलच. काहींनी थीम बदलली असेल, काहींनी 'आपलं मराठी असंच दिसायचं' म्हणून सोडून दिलं असेल, आणि काहीजण रोमनमध्ये गेले असतील.

तुमच्यावर वेळ आली तर

१. आधी सगळ्या फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवा.
२. मजकूर दुसऱ्या अ‍ॅपमध्ये चिकटवून पाहा. बिघाड मजकुरात आहे की दिसण्यात, ते कळेल.
३. दोष दर वेळी दाखवेल असा एक छोटा नमुना तयार करा. मराठीसाठी 'मूर्ती' हवी तितक्यांदा वापरा.
४. नवं, रिकामं फोल्डर किंवा नवी प्रोफाइल उघडून तोच नमुना पाहा.
५. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत. निम्मे-निम्मे करून उत्तर विसंगत आलं तर दोन चोर असल्याचा संशय घ्या.
६. संशयितांच्या यादीत स्वतःचं नाव घालायला विसरू नका.
७. कारण सापडलं की ते करणाऱ्याला कळवा, चित्रासह. आपली लिपी न वाचणाऱ्यालाही समजेल असं लिहा.

सतरावी खूण

पुढच्या रविवारी भाचीनं यादी नव्यानं छापून काकांपुढे ठेवली. मी तिला म्हटलं होतं, काही बोलू नकोस, नुसती ठेव. काकांनी जुना कागद काढला, नवा शेजारी ठेवला आणि लाल पेन्सिल कानावर अडकवली. 'बनगरवाडी'. 'ययाती'. 'कोसला'. 'श्यामची आई'. त्यांनी खिशातून खोडरबर काढला आणि जुन्या कागदावरची एकेक खूण पुसायला लागले. नव्या कागदावर खुणा नव्हत्याच, तेव्हा पुसण्याची काही गरज नव्हती. तरी पुसत राहिले. हीच त्यांची माफी असावी.

सोळा पुसल्या. सतराव्या खुणेवर हात थांबला. जुन्या कागदावर तिथे 'मत्यजय' होतं. नव्यावर 'मृत्यूंजय'.

"ही?" काकांनी विचारलं.

भाचीनं वाकून पाहिलं. 'मृत्युंजय'मधला 'त्यु' ऱ्हस्व असतो. तिनं दीर्घ लिहिला होता. इतके दिवस खालचा उकारच कापला जात होता, त्यामुळे ही चूक कुणालाच दिसली नव्हती, तिलाही नाही.

"ही माझीच," ती म्हणाली.

"ही असू दे मग," काका म्हणाले आणि पेन्सिल तिच्याकडे सरकवली. "दुरुस्त करून आण. आणि हो, कादंबऱ्यांच्या कपाटाची किल्ली तिकडे खिळ्याला आहे. पुढचा कप्पा तूच काढ."

आता पाचशेच्या वर कार्डं झालीत. सगळी देवनागरीत.

(पुढच्या वेळी : 'दुसऱ्या' हा शब्द शोधला तर एका टिपणात सापडतो आणि दुसऱ्यात नाही, असं का? तुमच्याही कॉम्प्युटरवर हे करून पाहा आणि काय झालं ते कळवा.)